द्वादशीची पहिली कॉफी

दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत त्या पहाटे दुधाची पाच पाकिटं होती. गेला महिनाभर एकच येत होतं, तेही छोट्या भव्यासाठी. सौम्यानं पाचही ओट्यावर ओळीनं मांडली आणि पुन्हा मोजली.

चातुर्मासात या घरातला प्रत्येक महिना काही ना काही सोडायचा. पहिल्यात भाज्या, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी. सासूसासरे चारही महिने नेमानं पाळत. सौम्याचा नवरा श्रीनिधी कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे जाऊन तितक्याच नेमानं मोडत असे. दुधाचा महिना, म्हणजे क्षीरव्रत, परवा दसऱ्याला संपला. काल एकादशीचा उपास. आज द्वादशी. ऊन गच्चीवर यायच्या आत पारण्याचं जेवण, आणि जेवणावर सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, तीस दिवसांनंतरची पहिली कॉफी.

पुढचं सगळं सौम्याला पाच वर्षांच्या अनुभवानं पाठ होतं. तासाभरात अप्पांचं पोट तबल्यासारखं फुगणार. मग न्हाणीघराचं दार लागणार. मग बाहेर कुणीतरी विचारणार, "आज स्वैपाक कुणी केला होता?"

स्वैपाक सौम्यानं केलेला असे.

यंदा विचारणारी आधीच येऊन बसली होती. कृष्णवेणी, अप्पांची थोरली लेक, उपनगरातल्या अंबत्तूरहून पहिली गाडी धरून नवऱ्यासह सहाच्या आत मैलापुरात हजर झाली होती. वेंकटभावजींच्या दोन्ही हातांत एकेक मोठी सुटकेस.

"अक्का, एवढं सामान?" सौम्यानं विचारलं.

"रिकाम्या आहेत ग. जाताना भरतील."

फोनवर तिनं मागच्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. यंदा पारण्यानंतर अप्पांचं पोट बिघडलं, की अप्पा आणि अम्मा दोघांना अंबत्तूरला नेणार. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. "तुझ्या त्या सोलापुरी शेंगदाण्याच्या कुटावर अजून एक वर्ष काढलं तर मला बाप उरायचा नाही."

सौम्यानं तेव्हा फोन ठेवला आणि भव्याची वही काढली. भव्याला अंगावर पुरळ उठायचं, म्हणून मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी ती काय खाते ते रोज लिहायला सांगितलं होतं. पुरळ केव्हाच गेलं. लिहिण्याची सवय गेली नाही. उलट कागदाच्या उरलेल्या अर्ध्या भागात अप्पा शिरले. अप्पांनी काय खाल्लं, काय प्यायलं, किती वेळा उठले. सासऱ्याच्या पोटाची नोंद ठेवणारी सून जगात आपण एकटीच असू, असं तिला लिहिताना वाटायचं आणि ती वही उशीखाली सरकवायची.

नोंदी काय सांगतात ते तिला दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. तिनं श्रीनिधीला दाखवलंही होतं.

"अप्पांना सांगू नकोस," तो म्हणाला होता. "त्यांना देव नाही म्हटलेलं चालेल. कॉफी नको म्हटलेलं चालणार नाही."

*

कृष्णवेणी स्वैपाकघराच्या दारात उभी राहून एकेक भांडं उघडून बघत होती. भात. मिरी-जिऱ्याचं सार. हादग्याच्या पाल्याची भाजी. आवळ्याची कोशिंबीर. कालच डाळींचा महिना लागल्यामुळे कशात डाळ नव्हती, आणि शेंगदाणाही डाळीसारखा दोन दळांचाच म्हणून कूट तर डब्यातून बाहेरच पडलं नव्हतं.

हे तिला आवडलं नाही. डोळ्यांनी दिसणारा दोष मिळाला असता तर बरं झालं असतं.

सौम्या वाईट नव्हती. एवढी घाबरट पोर वाईट असायला वेळ कुठून काढणार? पोरीचा घास कोमट आहे का ते तीन वेळा ओठांना लावून बघायची. पण अप्पा दर दसऱ्यानंतर उतरत जातात हे खोटं होतं का? क्षीरव्रतात माणूस कसा टवटवीत होतो. कपालेश्वराच्या तळ्याला दोन फेऱ्या मारतो, रस्त्यात चार जणांशी वाद घालतो. व्रत संपलं आणि या घरचं साधं जेवण सुरू झालं, की पुन्हा पोट धरून आरामखुर्चीत.

आणि अंबत्तूरला खोली तयार होती. मुलगी सौंदर्या कोइमतूरला शिकायला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. कृष्णवेणीनं नवा पलंग घेतला होता, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. गॅस्केटच्या कारखान्यातून ती संध्याकाळी सहाला घरी येई, तेव्हा वेंकट पेपर वाचत असे आणि पंखा फिरत असे. तेवढंच.

"काय बघत्येस?" मागून अम्मा म्हणाल्या. सीतालक्ष्मीअम्मांची साडी नेसून, कुंकू लावून झालं होतं.

"काही नाही. मीठ बघते."

"मीठ दिसतं होय?"

*

पंगत म्हणजे अप्पा, अम्मा आणि वेंकट. बाकीचे नंतर. अप्पा, म्हणजे भीमसेनराव, पाटावर बसले, आचमन केलं आणि कुणाकडे न बघता जेवले. तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. जेवतानाही परीक्षानळीत थेंब टाकावा तसा सारात भात कालवायचा.

"सार फर्स्ट क्लास," वेंकट म्हणाला.

"तुम्ही गप्प जेवा," कृष्णवेणी म्हणाली.

"मामा, भात अजून थोडा?" त्यानं सासऱ्यांना विचारलं.

"पोदुम, पोदुम. बस झालं. जागा ठेवायला हवी." आणि अप्पा पहिल्यांदा हसले. कशासाठी जागा, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हात धुऊन ते स्वैपाकघरात शिरले. या घरात ते एकच काम करत: कॉफी. पितळी फिल्टरमधलं डिकॉक्शन त्यांनी काल संध्याकाळीच लावून ठेवलं होतं. देवाला दाखवलेलं दूध त्यांनी तापवलं, पाण्याचा थेंबही न घालता, आणि मोठ्या पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं हातभर उंचीवरून ओतायला लागले. फेस आला. वास सगळ्या घरात पसरला. आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेला श्रीनिधीसुद्धा दारात आला.

अप्पांनी पेला उचलला.

"अप्पा," सौम्या म्हणाली, "ती कॉफी पिऊ नका."

आपला आवाज इतका मोठा आहे हे तिलाही माहीत नव्हतं. कडेवरची भव्या दचकून तिच्याकडे बघायला लागली.

"काय?" अप्पा म्हणाले.

"दूध तुम्हांला पचत नाही. जेवणानं काही होत नाही. दुधानं होतं."

सगळे एकदम बोलले.

"अय्यो, ऐका!" कृष्णवेणीनं कपाळावर हात मारला. "स्वतःचं झाकायला आता दुधाला नाव!"

"मला मीटिंग आहे," श्रीनिधी म्हणाला.

"शनिवारी?" अम्मांनी विचारलं. तो तिथंच थांबला.

"माझा देव महिनाभर दूध सोडवतो," भीमसेनराव सावकाश म्हणाले, "आणि माझी सून जन्मभर! सौम्या, या घरात माझ्या आजोबांपासून सगळे दुधावर वाढले. दूध पचलं नाही असा एक माणूस आमच्या घराण्यात झाला नाही."

"झाला असेल," अम्मा म्हणाल्या. "सांगितलं नसेल."

सौम्यानं भव्याला श्रीनिधीकडे दिलं आणि वही आणली. तिनं पानं भराभर उलटली. "हे बघा. दह्याचा महिना. दही बंद होतं आणि दूध चालू. तीन कॉफ्या, शिवाय झोपताना पेलाभर दूध. त्या महिन्यात सतरा दिवस तुम्ही आजारी. मग दुधाचा महिना. दूध बंद, दही-ताक चालू. एक दिवस नाही, अप्पा. एकही नाही. आणि जेवण दोन्ही महिन्यांत माझंच होतं."

"ते व्रताचं पुण्य," कृष्णवेणी म्हणाली.

"मग दह्याच्या व्रताचं पुण्य कुठं गेलं?"

वेंकटला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घातलं.

"वेडेपणा!" कृष्णवेणी उसळली. "दूध पचत नाही आणि दही पचतं? दही काय आभाळातून पडतं? दुधाचंच ना?"

"तसं नसतं," भीमसेनराव सवयीनं म्हणाले. खडू हातात असल्यासारखा त्यांचा हात वर गेला होता. "दुधात एक साखर असते. विरजण लावलं की ते जंतू ती बरीचशी खातात, तिचं आम्ल करतात, म्हणून दही आंबट. तेव्हा दह्यात ती साखर उरते फारच..."

ते थांबले. हात हवेतच राहिला.

"फारच काय, मामा?" वेंकटनं नम्रपणे विचारलं.

"कमी," ते म्हणाले आणि पेल्याकडे बघत राहिले.

"मला वाटतं सौम्या म्हणते त्यात काहीतरी आहे," वेंकट पुढे म्हणाला. एकोणीस वर्षांत या घरात त्यानं कशावर मत दिलं नव्हतं, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले. "माझंही तसंच होतं. ऑफिसात मी काळीच पितो."

"आणि घरी?" कृष्णवेणी म्हणाली. "रोज झोपताना मी पेलाभर दूध देते ते?"

वेंकटनं सुटकेसींकडे बघितलं. "गॅलरीतल्या कुंडीत."

"कढीपत्त्याच्या?"

"आमां, त्याच."

"म्हणून तो मेला! तीन वेळा नवीन लावला मी! कीड म्हणून तंबाखूचं पाणी मारलं!"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आता काय गुदगुल्या होताहेत?"

भव्याला हे फार आवडलं. तिनं टाळ्या वाजवल्या.

*

सीतालक्ष्मीअम्मा भिंतीला टेकून उभ्या होत्या. समोर नवरात्रात मांडतात त्या कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या अजून मांडलेल्याच होत्या, आज उतरवायच्या होत्या. त्यांचं लक्ष तिथंही नव्हतं. त्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका पारण्यात होत्या.

"माझ्या सासूबाईंनी हिंग धरला होता," त्या म्हणाल्या.

"कुठला हिंग?" श्रीनिधीनं विचारलं.

"माझ्या सारातला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. द्वादशीचं पारणं झालं, तुझे अप्पा असेच पोट धरून बसले. सासूबाई म्हणाल्या, ही तंजावरची पोर हिंग फार घालते, माझ्या मुलाचं आतडं जाळते. दुसऱ्या वर्षी हिंग घातला नाही. तरी तेच. मग चिंच धरली. मग हातच धरला, म्हणाल्या काहींच्या हाताला गुण नसतो." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "त्या जाईपर्यंत अकरा वर्षं. अकरा वर्षं मी प्रत्येक पारण्याला न्हाणीघराच्या दाराकडे कान लावून बसले."

"मला कधी सांगितलं नाहीस," अप्पा म्हणाले.

"तुम्ही न्हाणीघरात होतात."

कृष्णवेणी काहीतरी बोलायला गेली. अम्मांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती त्रेचाळीस वर्षांची, हाताखाली चौदा माणसं असलेली बाई गप्प बसली.

"तू आज दोन पेट्या घेऊन आलीस, कृष्णा. प्रेमानं आलीस, मला दिसतं. पण या पोरीच्या हाताला नाव ठेवून मी कुठं यायची नाही. मला तो दोष ठाऊक आहे. मी तो वापरून टाकलेला आहे."

सौम्याला रडू यायला लागलं होतं. मुलीसमोर रडू नये म्हणून ती पाकिटं फ्रीजमध्ये ठेवायला वळली आणि एकच पाकीट दोनदा आत-बाहेर केलं.

"हे सगळं बोलणं झालं," अप्पा अखेर म्हणाले. पेला त्यांनी ओट्यावर ठेवला, पण हात काढला नाही. "बोलण्यानं काही सिद्ध होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मुलांना मी हेच शिकवलं. जेवण झालेलं आहे. आज दूध नाही. पोट बिघडलं तर दोष जेवणाचा, आणि मी अंबत्तूरला जातो. नाही बिघडलं तर उद्या सकाळी उपाशीपोटी नुसती कॉफी. दुसरं काही नाही. काय ते कळेल."

"मी राहते उद्यापर्यंत," कृष्णवेणी लगेच म्हणाली.

"राहा. साक्षीदार हवाच."

"मामा," वेंकट म्हणाला, "डाळींचा महिना लागलाय. कॉफीचं बीसुद्धा दोन दळांचंच असतं."

"तुम्ही," भीमसेनराव म्हणाले, "कुंडीत दूध ओता."

*

तो शनिवार भीमसेनरावांना फार मोठा गेला. दहा वाजता काही झालं नाही. अकरा वाजता काही झालं नाही. ते आरामखुर्चीत बसून पोटाकडे लक्ष देत होते आणि पोट त्यांच्याकडे लक्ष देत नव्हतं.

थोडं दुखावं, अशी त्यांची इच्छा होती. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. थोडंसं दुखलं असतं तर कॉफी वाचली असती. त्या एका पेल्यासाठी आपण सुनेला घराबाहेर... नाही, सून इथंच राहणार होती. आपण जाणार होतो. पण दोष तिच्याकडेच राहिला असता. आपल्या पोटावरून एक बाई अकरा वर्षं दाराला कान लावून बसली, दुसरी पाच वर्षं बोल ऐकत राहिली, शेवटी वही लिहीत बसली. आणि तेहतीस वर्षं आपण वर्गात फळ्यावर काय लिहीत होतो? नोंद करा. तपासा. मगच बोला.

दुपारी चारला सौम्यानं ताक आणून दिलं. त्यांनी घेतलं. तिनं रिकामा पेला उचलला, तरी जागची हलली नाही.

"लिही," ते म्हणाले. "चार वाजून पाच मिनिटं. ताक. पोट ठीक."

*

रविवारी सकाळी सहाला त्यांनी एकट्यासाठी कॉफी केली. अम्मा पाटावर बसून बघत होत्या. त्यांनी अजून दुधाच्या कॉफीला तोंड लावलं नव्हतं. नवऱ्याच्या आधी प्यायची सवय नव्हती, आणि काल तर ते प्यायलेच नव्हते.

मोठा पेला. एका दमात नाही, थांबत थांबत, शेवटच्या फेसापर्यंत ते प्यायले. इतकं सुख त्या चेहऱ्यावर दिसलं, की सौम्याला आपण चुकलेलो असावं असं क्षणभर मनापासून वाटलं.

साडेसहा. श्रीनिधी पेपर उलटा धरून वाचत होता. पावणेसात. कृष्णवेणी सौम्याच्या शेजारी येऊन बसली, थोडं अंतर ठेवून. भव्यानं त्या अंतरात स्वतःला बसवून घेतलं आणि आत्याची बांगडी फिरवायला सुरुवात केली.

"तिकडे फार शांत असतं," कृष्णवेणी हळूच म्हणाली. सौम्याला म्हणाली की भव्याला, कळलं नाही. "सहाला घरी आलं की कुणी विचारत नाही, काय झालं आज म्हणून."

"भावजी?"

"ते पेपर वाचतात. आणि कढीपत्ते मारतात."

सौम्या हसली, मग दोघी हसल्या. सात वाजून पाच मिनिटांनी अप्पा उठले. कुणाशी काही न बोलता, पाठ ताठ ठेवून, पण बऱ्यापैकी घाईनं ते गेले आणि न्हाणीघराचं दार लागलं.

आतून त्या पोटाचे सगळे ओळखीचे आवाज आले. कृष्णवेणीनं सौम्याच्या हातावर हात ठेवला, आणि तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी त्या हाताकडे बघत राहिली.

वीस मिनिटांनी अप्पा बाहेर आले. कपाळ ओलं, चेहरा उतरलेला. परीक्षेचा निकाल सांगायला उभे राहिल्यासारखे ते दाराशी उभे राहिले.

"जेवणात काही नव्हतं," ते म्हणाले. मग अम्मांकडे बघून, "आधीही नव्हतं."

अम्मांनी नुसती मान हलवली. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं होतं. ते त्या सोडवायला लागल्या आणि बराच वेळ सोडवत राहिल्या.

"कृष्णा, आम्ही येतो तुझ्याकडे. सौंदर्या सुट्टीला येईपर्यंत, एक पंधरा दिवस. पाहुणे म्हणून. एक पेटी पुरे, दुसरी रिकामी परत ने."

"आणि झोपताना दूध नाही," वेंकट म्हणाला.

"नाही," कृष्णवेणी म्हणाली. डोळे पुसून तिनं नवऱ्याकडे बघितलं. "कुणालाच नाही."

अप्पा स्वैपाकघरात गेले. सौम्या मागोमाग गेली, त्यांना चक्कर येईल या भीतीनं. त्यांनी दोन पेले मांडले, दोन्हींत डिकॉक्शन घातलं, वरून कढत पाणी. काळ्या कॉफीची वाफ त्यांनी जरा संशयानं हुंगली.

"सीता," त्यांनी हाक मारली. "आजपासून दोघांचीही हीच. सेरी? चालेल ना तुला?"

कृष्णवेणीचे डोळे पुन्हा भरून आले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आई यापेक्षा वेगळं काय म्हणणार होती? श्रीनिधीनं पेपर खाली ठेवला.

सीतालक्ष्मीअम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही पेल्यांत डोकावून बघितलं.

"मला काळी नलगे," त्या म्हणाल्या. "पोट तुमचं बिघडलंय. माझं कधीच बिघडलं नव्हतं."

भीमसेनरावांनी तिच्या पेल्यातली काळी कॉफी ओतून टाकली आणि नवं डिकॉक्शन घातलं. मग त्यांनी फ्रीजमधून पाकीट काढलं, दूध तापवलं आणि तिच्या पेल्यात ओतायला सुरुवात केली. पेला अर्धा झाला, तसा त्यांनी हात आखडता घेतला.

"अजून," अम्मा म्हणाल्या.